चारांतले तीन

कंदील माझ्याकडे होता, म्हणून मोजणी माझ्याकडे आली.
वीज त्या आठवड्यात गेलेली.
का गेली ते सगळ्यांना ठाऊक होतं
आणि कुणी बोलत नव्हतं.

मेलेकिओकची शाळा. दोन बाकं जोडून टेबल.
मतपेटी म्हणजे बिस्किटांचा डबा,
झाकणावर अजून लाल फुलं.
प्रश्न दर खेपेला तोच, शब्द तेवढे नवे:
आपल्या पाण्यातून तो बॉम्ब जाऊ द्यायचा का,
थांबला तर चालेल का,
आहे की नाही हे न सांगता थांबला तर?

पलाऊच्या संविधानात आम्ही एक ओळ लिहून बसलो होतो:
चारांतले तीन हो म्हणतील तरच.
तेव्हा मी एकोणीस वर्षांची.
वाटलं, लिहिलं म्हणजे झालं.
ही सहावी मोजणी.

एबिलमावशी थेट अळूच्या वाफ्यातून आली,
गुडघ्यापर्यंत चिखल,
पायरीवर सपाता काढून.
तिच्या चिठ्ठीवर चिखलाचा अंगठा उमटला,
गुप्त मतदान तिथंच संपलं.

कोपऱ्यात निरीक्षक, हॅलोरन नावाचा,
सभ्य माणूस, मान उन्हानं सोललेली.
गप्पांच्या ओघात म्हणाला,
तुमचा अख्खा देश आमच्या तीन जहाजांवर मावेल.
दुभाष्यानं ते जरा मऊ करून सांगितलं.
मावशी हसली. सुपारीनं लाल झालेले चार दात.
"मग येऊ देत की तिन्ही. जेवायला या.
मासे आहेत, नारळ आहे.
पण घरात शिरताना चपला बाहेर काढतात, बाबा.
तेवढंच लिहिलंय आम्ही."
हॅलोरननं आपल्या बुटांकडे पाहिलं.
काढले नाहीत. पण पाय खुर्चीखाली घेतले.

लहानपणी ती दोन महिने गुहेत राहिलेली.
वर दोन परके देश एकमेकांना मारत होते,
आमच्यातल्या कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं.
अजून तिची पहार कधी लोखंडावर वाजते.
मग ती थांबते, चार पावलं सरकते,
आणि तिथं लावते अळू.

हो. हो. नाही. हो.
माझ्या भावाचं हो मला माहीत होतं.
दवाखान्यात जनरेटर नाही, त्याच्या मुलीला दमा.
त्याला काय सांगणार होते मी, शांतता?
माझं मत विचारू नका.

तीनशे बारा चिठ्ठ्या. हो दोनशे सव्वीस.
हवे होते दोनशे चौतीस.
आठ कमी.
जिंकलेले लोक हरून घरी गेले,
हरलेल्यांनी आनंद दाखवला नाही,
अंधारात तो कुणाला दिसणार होता.

पुढं एके वर्षी ठरलं, निम्म्याहून एक जास्त पुरे.
त्या मोजणीला कंदील लागला नाही.
वीज होती.

लोक म्हणाले, एवढी वर्षं केलंत ते अळवावरचं पाणी.
असेल.
पण मी त्या पानांमध्ये कमरेइतकी उभी राहिलेय.
पाणी पानावर ठरत नाही हे खरं,
घरंगळतं, खाली जातं,
आणि खाली काय असतं ते
वरून बोलणाऱ्यानं पाहिलेलं नसतं.

मावशी गेली. वाफा तिच्या मुलीकडे.
बऱ्याच वर्षांनी रेडिओवर बातमी:
कुठल्याशा दूरच्या सभागृहात
तो बॉम्बच नको म्हणणारा कागद पुढं आलाय,
आणि ज्यांच्याकडे तो कधी नव्हताच
असे देश एकेक करून सही करताहेत.
ज्यांच्याकडे आहे त्यांच्या खुर्च्या रिकाम्या.
निवेदक नावं वाचताना अडखळत होता,
आमच्या नावाशीही अडखळला.

मी अळकुड्या सोलत होते.
हात ओले, बोटं खाजत होती,
आवाज वाढवायला
उठता आलं नाही.